मठाची डागडुजी

इराच्या शाळेसाठी उल्काने काय काय केलं नव्हतं? ग्रंथालयातल्या पुस्तकांना प्लास्टिकची वेष्टनं घातली. क्रीडादिनी उन्हात उभं राहून कागदी पेल्यांत मायलोचं चॉकलेटी दूध ओतलं. हिरवं जाकीट चढवून फाटकापाशी गाड्या थोपवल्या, आणि त्यात एकदा खुद्द मुख्याध्यापकांचीच गाडी थोपवली. बरं, इराची शाळा असं आपलं म्हणायचं. ती अजून इराची नव्हतीच. इरा बालवाडीच्या शेवटच्या वर्षाला होती, पहिलीची नोंदणी जुलैत व्हायची होती, आणि सेंट ऑस्विन्स गर्ल्स स्कूलमध्ये जागा कमी नि मुली फार. मात्र ज्या आयांनी वर्षभर शाळेत राबून दाखवलं असेल, त्यांच्या मुलींचा आधी विचार होणार होता. राबणं खरं की नुसतं दाखवण्यापुरतं, हे ठरवणार होत्या पालकांच्या कामाचा हिशेब ठेवणाऱ्या मिसेस चिया.

उल्काने बी.एस्सी.ला संख्याशास्त्र घेतलं होतं. त्याचा फायदा इतकाच झाला होता, की काळजीसुद्धा तिला टक्केवारीत करता यायची. सेंट ऑस्विन्स मिळाली तर सिंगापुरातल्या क्वीन्सटाउनच्या त्यांच्या फ्लॅटपासून शाळेपर्यंत एकच सिग्नल. नाही मिळाली तर जी मिळेल ती, दोन बस बदलून, आणि दुसऱ्या बसच्या थांब्यावर सहा वर्षांची इरा एकटी उभी आहे असं चित्र उल्काला दिवसातून कितीदातरी दिसायचं. त्या चित्रात दर वेळी पाऊसही पडत असायचा.

शाळेला लागूनच सेंट ऑस्विन्सचं चर्च होतं. व्हिक्टोरिया राणीच्या अमदानीतलं. ते बांधलं तेव्हा आसपास जायफळाच्या बागा होत्या म्हणे, आणि संध्याकाळच्या प्रार्थनेला लोक कंदील घेऊन घोळक्याने यायचे. आता चारी बाजूंना हाउसिंग बोर्डाच्या इमारती उभ्या होत्या, चर्चचा टोकदार मनोरा त्यांच्या जेमतेम सहाव्या मजल्याला लागायचा, आणि त्याहून वर बांबूंवर लोकांचे पायजमे वाळत असायचे. ज्या इंग्रज पाद्र्याने ते बांधलं, त्याने आपल्या गावाकडचं चर्च जसंच्या तसं इथे उतरवलं होतं. तशीच खिडकी, तसाच मनोरा. त्या गावात टेकडीवर ते मूळ चर्च, आणि टेकडीच्या पायथ्याशी एका मध्ययुगीन मठाचे पडके अवशेष.

चर्चच्या वर्धापनदिनाला त्या गावातून पाहुणे येणार होते. तिथले सध्याचे पाद्री, रेव्हरंड व्हिटल. त्यांच्या स्वागताला त्यांच्याच गावाचं मॉडेल सभागृहात मांडायचं, अशी मिसेस चियांची कल्पना होती.

मॉडेल कोणाला करता येतं, असं त्यांनी पालकांच्या बैठकीत विचारलं, तेव्हा सगळ्या आया अचानक आपापल्या पर्समध्ये काहीतरी शोधू लागल्या. उल्काचा हात मात्र वर गेला. तिने तो नेला नव्हता, तो गेला. कर्वेनगरला सोसायटीच्या दिवाळीतल्या किल्ल्यांच्या स्पर्धेत तिला पहिलं बक्षीस मिळालं होतं. तिच्या किल्ल्याला भुयार होतं, आणि सलाइनची नळी वापरून केलेलं खरं उडतं कारंजं. बक्षीस म्हणून मिळालेल्या स्टीलच्या डब्यात आई अजूनही साबुदाणा ठेवायची.

मिसेस चियांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. छोट्या चणीच्या, कडक इस्त्रीच्या बाई. हात मिळवतानासुद्धा वही तपासल्यासारखं वाटायचं.

"एक्झॅक्टली लाइक फोटो. कॅन ऑर नॉट?"

"कॅन," उल्का म्हणाली. सिंगापुरात 'कॅन' म्हणायला काही पडत नाही. पडतं ते नंतर.

त्यांनी दिलेला फोटो मोठा आणि स्वच्छ होता. वर हिरव्या टेकडीवर चर्च. खाली गवतात मठ, म्हणजे मठाचं जे काही उरलं होतं ते: एक उभी भिंत, तिच्यात आरपार आभाळ दिसणारी रिकामी खिडकी, अर्धी कमान, आणि इतिहासाचं काही देणंघेणं नसलेल्या तीन मेंढ्या.

घरी आल्यावर उल्काने तो जेवणाच्या टेबलावर ठेवला. प्रबोधने सोफ्यावरून मान लांबवून पाहिला. तो बँकेत जोखीम विभागात होता आणि घरातल्या जोखमी लांबूनच हाताळायचा. दगड राखाडी नाहीत, पिवळसर आहेत, एवढं मोलाचं मार्गदर्शन करून तो परत क्रिकेटकडे वळला.

सासूबाईंनी मात्र फोटो हातात घेतला. त्या पुण्याहून दोन महिन्यांसाठी आल्या होत्या, आणि पहिल्या आठवड्यातच त्यांचं सिंगापूर बघून संपलं होतं. मर्लायनला, तोंडातून पाणी सोडणाऱ्या त्या सिंहाच्या पुतळ्याला, त्या एकदा भेटल्या आणि 'सारखा ओकतोय बिचारा' म्हणून परत आल्या. त्यानंतर घरात जे काही घडेल तेच त्यांचं पर्यटन होतं.

"हे कसलं गं?"

"मठ आहे, आई. त्यांच्या साधूंचा. सातआठशे वर्षांपूर्वीचा."

"आणि पडका का?"

"राजाने मोडला. त्याचं धर्मगुरूंशी बिनसलं होतं."

"मग नंतर कोणी बांधला नाही?"

"नाही. तसाच ठेवलाय. लोक बघायला येतात."

सासूबाईंनी फोटो परत दिला. त्या काही बोलल्या नाहीत. त्या बोलत असल्या की उल्काला त्रास व्हायचा, पण न बोलल्या की धाकधूक व्हायची.

कामाला सुरुवात झाली. इथे खणून आणायला माती नाही, ती पिशवीत विकत मिळते, त्यावर गुलाबाचा फोटो असतो. थर्माकोल मंडईतून आलं, मासळीच्या खोक्यांचं. उल्काने ती खोकी डेटॉलने धुतली, उन्हात वाळवली, पुन्हा धुतली, तरी सासूबाई तीन दिवस म्हणत होत्या की मठाला बांगड्याचा वास येतोय. थर्माकोलचे नखाएवढे दगड कापायचे, पिवळसर रंगवायचे आणि मैद्याची खळ लावून एकावर एक चिकटवायचे, ही उल्काची लहानपणची रीत. विकतच्या गोंदाने थर्माकोल विरघळतं, खळीने नाही. टेकडीवर मोहरी पेरली. दिवाळीत किल्ल्यावर पेरतात तशीच, टेक्काच्या भारतीय बाजारातून आणलेली, रात्रभर भिजवून. दोन दिवसांत टेकडीला मिसरूड फुटलं. इरा लाडाने तिच्यावर चमच्याने पाणी घालायची आणि मग मावळे कुठे ठेवायचे म्हणून विचारायची. इथे मावळे नसतात, मेंढ्या असतात, असं कळल्यावर ती जरा हिरमुसली.

चर्च सुरेख झालं. मनोरा तर इतका सरळ उभा राहिला की प्रबोधने सामना चालू असताना उठून येऊन पाहिला. अडलं ते मठापाशी. उल्काच्या हाताला नीट बांधायची सवय होती. पडकं बांधणं जमेना. भिंत उभी केली की ती नवी वसाहत दिसायची. मग ती बोटाने चार दगड पाडायची, फोटोशी ताडून बघायची, एक जास्त पडला म्हणून परत चिकटवायची.

स्वयंपाकघराच्या दारात मेथी निवडत सासूबाई हे सगळं बघत होत्या.

"आधी बांधतेस, मग फोडतेस, मग फुटलेलं चिकटवतेस," त्या शेवटी म्हणाल्या. "एवढ्यात माणसाने खरं घर बांधलं असतं."

त्यांचा खरा मुद्दा पडकं बांधण्याचा नव्हताच. मुद्दा जागेचा होता. फ्लॅटमध्ये मॉडेल मावेल असं एकच टेबल होतं आणि देवघराची फळी बरोबर त्याच्या समोर होती. बाळकृष्ण, अन्नपूर्णा आणि गणपती सकाळ-संध्याकाळ त्या पडक्या मठाकडे तोंड करून बसले होते. भग्न मूर्ती, भग्न वास्तू घरात ठेवू नये, सासूबाईंनी समजावलं. तीसुद्धा देवाची. तीसुद्धा देवासमोर. आणि कशासाठी? तर पोरीच्या प्रवेशासाठी. "ज्या कामाला म्हणून हे करतेयस, तेच उद्या असं अर्धवट राहिलं म्हणजे?"

उल्का हसली. संख्याशास्त्र शिकलेल्या बाईने असल्या गोष्टींना हसायचंच असतं. पण दुसऱ्या दिवशी तिने टेबल ओढून खिडकीकडे नेलं आणि मठाची पाठ देवांकडे केली. उजेडासाठी, असं तिने प्रबोधला सांगितलं. त्याने विचारलं नव्हतं.

इराला मात्र वेगळीच काळजी होती. "मम्मी, द रेस्ट ऑफ द स्टोन्स, गो व्हेअर?"

उल्काला हे माहीत नव्हतं, आणि माहीत नसलेलं सांगायचं नाही असा तिचा नियम होता. सासूबाईंचा नव्हता.

"नेले गावकऱ्यांनी, दुसरं काय," त्या म्हणाल्या. "पडक्या वास्तूचे दगड कोणी सोडतं होय? आमच्याकडे गढी पडली, तिच्या दगडांवर निम्म्या गावाचे गोठे उभे राहिले. आमच्या न्हाणीतल्या दगडावर तर घोडा कोरलेला होता. आम्ही त्याच्यावर धुणं आपटायचो."

"हॉर्सला लागायचं ना?"

"मागच्या बाजूने आपटायचो गं."

मग त्यांनी फोटो पुन्हा उचलला, डोळ्यांपासून लांब धरला, जवळ धरला, आणि वरच्या चर्चवर बोट ठेवलं. "ह्याचे दगड बघ. खालच्यांसारखेच नाहीत?"

तिकडे सगळे दगड तसेच असतात, उल्का म्हणाली, आणि मेंढ्यांना कापूस चिकटवायला बसली. ती इतकी सावध बाई. झोपलेल्या इराचा श्वास ऐकणारी, गॅसचं बटण जिन्यावरून परत येऊन बघणारी. पण सासूबाईंच्या त्या बोटाकडे तिने लक्ष दिलं नाही.

शनिवारी, वर्धापनदिनाला, उल्काला खुर्च्या मांडायला सकाळीच बोलावलं होतं. निघण्यापूर्वी तिने मॉडेल शेवटचं पाहिलं. वर चर्च ताठ, खाली मठ व्यवस्थित पडका, मोहरी हिरवीगार. दहा वाजता प्रबोधने ते टॅक्सीतून आणायचं, सोबत आई आणि इरा. टॅक्सीवाल्याला हळू चालवायला सांग, मांडीवर आडवं धर, एसीचा झोत अंगावर येऊ देऊ नकोस, मॉडेलच्या आणि इराच्याही. प्रबोधने पांघरुणाच्या आतून हो म्हटलं.

"फादर विठ्ठल किती वाजता येणार?" सासूबाईंनी चहा गाळता गाळता विचारलं.

"व्हिटल, आई."

"तेच म्हणतेय मी."

खुर्च्या मांडून झाल्या. मिसेस चियांनी मॉडेलच्या टेबलामागे एक मोठा छापील फलक उभा केला होता. त्यावर लिहिलं होतं: मूळ चर्च आणि मध्ययुगीन मठाचे भग्नावशेष. अर्थात इंग्रजीत, सोनेरी अक्षरांत. साडेदहाला प्रबोध आला. हातांवर आडवं मॉडेल, त्यावर घरची निळी चादर, मागे सासूबाई, नऊवार नव्हे पण ठेवणीतलं नारायणपेठ, आणि त्यांचं बोट धरून इरा. दोघींच्या चेहऱ्यांवर एकाच साच्यातून काढल्यासारखा भाव होता. इतका निरागसपणा घरात एकाच वेळी दोघींना आला, की काहीतरी सांडलेलं असतं, हे उल्काला अनुभवाने माहीत होतं.

मिसेस चियांनी स्वतः चादर दूर केली.

मठ उभा होता.

आख्खा. चारही भिंती, पुरी कमान, वर उतरतं छप्पर. छपराच्या एका टोकाला मनोरा, सरळ, टोकदार, आणि उल्काने तो बघताक्षणी ओळखला, कारण तो तिने स्वतः बांधला होता. फक्त टेकडीवर. मनोऱ्याच्या शेंड्यावर एक सुपारी होती, खाली चिमूटभर हळदीकुंकू. वर टेकडीवर चर्च होतं खरं, धडधाकट होतं, चार भिंती होत्या, पण त्याची उंची गेली होती. मनोरा नाही, माथा सपाट. टेकडीवर कोणीतरी नुसता व्हॉइड डेक, म्हणजे इमारतीखालचा मोकळा तळमजला, बांधून वरचे मजले द्यायचे विसरलं होतं तसं.

उल्काने प्रबोधकडे पाहिलं. आईने झाकून दिलं, मी उचललं, असा त्याचा चेहरा होता. तिने सासूबाईंकडे पाहिलं. त्या भिंतीवरच्या पंख्याकडे बघत होत्या.

मिसेस चियांनी आधी फोटोकडे पाहिलं, मग मॉडेलकडे, मग सभागृहाच्या खिडकीतून बाहेर, आणि त्यांच्या स्वतःच्या चर्चचा मनोरा जागेवर आहे की नाही याची त्यांनी खात्री करून घेतली.

उल्का जन्मात एवढ्या भरभर बोलली नव्हती. हे पूर्वीचं आहे, तिने सांगितलं. म्हणजे राजाने मोडण्याआधीचं. मठ जेव्हा उभा होता तेव्हा कसा दिसत असेल, ते दाखवायचं होतं, मुलींना त्यातून इतिहास अधिक चांगला कळेल, असा विचार होता.

"बिफोर?" मिसेस चियांनी शांतपणे विचारलं. "देन द चर्च, व्हाय ऑलरेडी देअर?"

मठ मोडला त्यानंतर तीनशे वर्षांनी ते चर्च बांधलं होतं. उल्काला दुसऱ्या बसचा थांबा दिसू लागला. पाऊस पडत होता, आणि आता वीजही चमकत होती.

वेळ थोडा तरी मिळाला असता तर तिने वाटीभर पाणी घेऊन खळ सोडवली असती, मनोरा वर नेला असता, मठ पुन्हा पाडला असता. ती मनोऱ्याच्या दिशेने हात पुढे करते न करते तोच दारात गडबड झाली. रेव्हरंड व्हिटल आले होते. उंच, वाकलेले, उन्हाने लालबुंद झालेले, आणि एवढ्या उकाड्यात कॉलर घातलेले. ते सरळ मॉडेलकडेच आले, कारण कोणीतरी त्यांना विमानतळावरच सांगून ठेवलं होतं.

ते टेबलापाशी उभे राहिले. चष्मा काढला, रुमालाने पुसला, परत घातला. मग कमरेत आणखी वाकून पाहू लागले. सभागृहात सगळे त्यांच्याकडे बघत होते, आणि मिसेस चिया उल्काकडे.

शेवटी त्यांनी विचारलं. आवाज अगदी मऊ होता. मनोरा खाली कसा आला, असं त्यांना जाणून घ्यायचं होतं.

कोणीही तोंड उघडलं नाही, म्हणून इराने उघडलं.

"माय आजी सेड युअर चर्च स्टील द स्टोन्स. फ्रॉम द ब्रोकन वन. सो वी गिव्ह बॅक, लाह."

मिसेस चियांनी डोळे मिटले. मागच्या रांगेतल्या आया, ज्यांनी केक आणले होते आणि ज्यांच्या मुली ह्या क्षणी शाळेत गेल्यातच जमा होत्या, त्या पुढे सरकून बसल्या. उल्काला वाटलं, आता प्रबोधने इराला उचलून बाहेर न्यावं, आणि शक्य झाल्यास आईलाही.

रेव्हरंड व्हिटल इराकडे बघत राहिले. मग त्यांच्या खांद्यांना काहीतरी होऊ लागलं. आधी उल्काला वाटलं उष्माघात. पण ते हसत होते. आवाज न करता, टेबलाची कड धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

अगदी खरं आहे, ते म्हणाले, जरा सावरल्यावर. चर्चचा दगड ना दगड मठातून ओढून नेलेला आहे. त्यांच्या खापरपणजोबांच्या पिढीने बैलगाड्या लावून नेला. गावात सगळ्यांना माहीत आहे आणि कोणीही ते बोलत नाही. बाप्तिस्म्याच्या पाण्याच्या कुंडामागे तर एका साधूचा कोरलेला चेहरा आहे, चक्क उलटा, कारण गवंड्याला दगड सपाट बसण्याशी मतलब होता. दर रविवारी तो साधू डोक्यावर उभा राहून आपलं प्रवचन ऐकतो, आणि आपल्याला दर रविवारी त्याच्या नजरेला नजर देता येत नाही. हे इथे, एवढ्या लांब, कोणाला कसं कळलं?

उल्काने हे सगळं सासूबाईंना मराठीत सांगितलं.

"उलटा का होईना, आत घेतला ना," सासूबाई म्हणाल्या. "आम्ही तर घोड्यावर धुणं धुतलं." मग त्या पदर सावरून पुढे झाल्या आणि त्यांनी हात जोडले. "नमस्कार, विठ्ठलराव."

पाहुण्यांनीही हात जोडले. सिंगापुरात उतरल्यापासून आपलं नाव इतक्या आपुलकीने कोणी घेतलं नव्हतं, असं ते मिसेस चियांना म्हणाले. मिसेस चियांना मान डोलवावी लागली.

मग त्यांचं लक्ष शेंड्याकडे गेलं. हे काय आहे, त्यांनी कुतूहलाने विचारलं. उल्काने एक क्षण विचार केला. सुपारी, गणपतीची म्हणून ठेवलेली, डागडुजी निर्विघ्न पार पडावी म्हणून, हे सगळं इंग्रजीत कुठून सुरू करायचं? "अ काइंड ऑफ ब्लेसिंग," ती म्हणाली. त्यांनी त्या सुपारीला हलकेच बोट लावलं आणि कपाळाला नेलं नाही एवढंच.

त्यानंतर त्यांनी भाषण केलं, ते सगळं मॉडेलवरच. तयार करून आणलेला कागद त्यांनी खिशातून काढलाच नाही. पाचशे वर्षांत ह्या मठाला छप्पर मिळालं ते एका आजींच्या हातून, असं म्हटल्यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि केकवाल्या आयांना वाजवाव्या लागल्या. सासूबाईंना त्यातलं 'ग्रँडमदर' एवढंच कळलं. तेवढं पुरेसं होतं. इराने पुढच्या रांगेत बसलेल्या मुलीला सांगितलं की छपराचा डावा भाग तिने केलाय. तो जरा खचलेला होता, पण तसं सांगून टाकल्यावर छानच दिसू लागला.

चहाच्या वेळी मिसेस चिया एकट्याच मॉडेलपाशी उभ्या होत्या. उल्का धीर करून त्यांच्याकडे गेली. माफी मागायचं तिने घोकून ठेवलं होतं. पण त्यांनी हाताने थांबवलं. फलकावरच्या 'भग्नावशेष' ह्या शब्दाकडे त्या बघत होत्या. तो आता खरा राहिला नव्हता, आणि खोटं काही त्यांना सभागृहात चालत नव्हतं. त्यांनी पर्समधून पांढरी चिकटपट्टी काढली, तो शब्द नीट झाकला, कडा नखाने दाबून बसवल्या.

रेव्हरंड ते मॉडेल मागत होते, त्यांनी सांगितलं. विमानात न्यायला. पण आपण नाही म्हटलं. ते इथेच राहील, शाळेच्या दर्शनी भागात, खिडकीच्या काचेपाशी.

उल्का ऐकत होती. तिची नजर त्यांच्या ओठांवर होती.

मिसेस चियांनी टेकडीवरच्या हिरवळीला हात लावला. खरी आहे, हे त्यांना आत्ताच कळलेलं दिसलं. कोण पाणी घालतं, त्यांनी विचारलं. इरा, उल्का म्हणाली, रोज चमच्याने.

"देन जॅन्युअरी," मिसेस चिया म्हणाल्या, "बेटर लेट हर कंटिन्यू."

आणि त्या केक कापायला निघून गेल्या.

जानेवारी. शाळा जानेवारीत सुरू होते. पहिलीची नवी मुलं जानेवारीत येतात. उल्काने ते वाक्य मनात उलटंपालटं करून पाहिलं, डावीकडून, उजवीकडून, प्रत्येक शब्द वेगळा काढून. त्याचा दुसरा अर्थ निघत नव्हता. ती प्रयत्न करत होती, पण निघत नव्हता. दुसऱ्या बसचा थांबा हळूहळू पुसट झाला, त्यावरचा पाऊस थांबला.

घरी चालत निघाले. एकच सिग्नल. इरा आणि प्रबोध पुढे होते, इरा त्याला गवंडीकाम शिकवत होती. उल्का सासूबाईंच्या बरोबरीने चालत होती.

"आई, तुम्ही मला सांगितलंत का नाही?"

"सांगितलं असतं तर तू करू दिलं असतंस?"

"नाही."

"मग."

सिग्नलवरचा हिरवा माणूस लागला. रस्ता ओलांडून झाल्यावर उल्का थबकली. तिच्या चेहऱ्यावरचं सगळं सुख एका झटक्यात उतरलं होतं.

"मोहरी आठवड्यात पिवळी पडते," ती म्हणाली. "आत्ता मे आहे."

मे, जून, जुलै, असं थेट जानेवारीपर्यंत तिने बोटांवर धरलं. दर आठवड्याला जुनी उपटायची, नवी भिजवायची, कोणाच्या नकळत शाळेत शिरून पेरायची, आणि ती उगवेपर्यंत मधले दोन दिवस टेकडी टकली दिसणार त्याचं काय? शाळेला जूनमध्ये सुट्टी. चावी कोणाकडे असते? मेंढ्यांच्या पायाखाली बुरशी आली तर?

सासूबाई तिचं सगळं बोलणं होईपर्यंत थांबल्या. त्यांचा परतीचा प्रवास पुढच्या आठवड्यात होता.

"मोहरी कशाला?" त्या म्हणाल्या. "मेथी पेर. निदान भाजी तरी होईल."